मदत हवी आहे : कोपरा वळल्यावर सीलंटची रेघ नागमोडी येते, दोष बॉलस्क्रूचा की सर्व्हो ट्यूनिंगचा?

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगच्या कडेने सीलंट सोडायला एक्स-वाय टेबल आहे. नोझल स्थिर, खाली टेबल सरकतं. खालचा एक्स अक्ष सगळं वजन ओढतो, वाय अक्ष आणि फिक्श्चर धरून साधारण ४० किलो. दोन्हीकडे ७५० वॉटची एसी सर्व्हो (जागा आणि वेग सतत तपासून दुरुस्त करणारी मोटर), कपलिंगने थेट १० मिमी लीडच्या (एका फेऱ्याला टेबल १० मिमी सरकवणाऱ्या) बॉलस्क्रूला.

सरळ रेघ सुरेख येते. एक्स थांबून वाय निघाला की पुढचा सेंटीमीटरभर रेघ डावी-उजवी हलते, मग आपोआप सरळ होते. भिंगाखाली चार-पाच लाटा स्पष्ट दिसतात. लीक टेस्टला जॉब नेमका तिथेच पडतो, त्यामुळे विषय गंभीर आहे.

एक्सची सेटिंग्ज : पोझिशन गेन (जागेतली चूक किती जोरात दुरुस्त करायची) ६० प्रति सेकंद, स्पीड गेन (वेगातली चूक किती झपाट्याने) २० हर्ट्झ, इंटिग्रल टाइम (उरलेली चूक किती वेळात भरून काढायची) २० मिलिसेकंद. स्पीड गेन ३० च्या वर नेला की मोटर घूं आवाज करते आणि टेबलावर ठेवलेल्या हाताला झिणझिण्या येतात. ऑटोट्यूनिंग (मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हने स्वतःच गेन ठरवणं) मशीन देणाऱ्यांनी टेबल रिकामं असताना केलं होतं. आता ते म्हणतात, बॉलस्क्रू बदला. एवढा खर्च करण्याआधी खात्री कशी करायची?

प्रतिसाद

स्क्रूला इतक्यात हात लावू नका. तोच जॉब दुप्पट वेगाने चालवा आणि दोन लाटांमधलं अंतर मोजा. अंतर तेवढंच राहिलं तर दोष मेकॅनिकल. वाकड्या स्क्रूची लाट दर फेऱ्याला, म्हणजे १० मिमीला येते. वेगाबरोबर अंतर वाढलं तर अक्ष एका ठरावीक फ्रिक्वेन्सीने थरथरतोय.

धागाकर्ता

मोजलं. ३० मिमी प्रति सेकंदाला लाटा २ मिमीवर, ६० ला ४ मिमीवर.

प्रतिसाद

दोन्हीकडे १५ हर्ट्झच. म्हणजे दोष स्क्रूचा नाही, ही लाट लूपची, म्हणजे चूक मोजून दुरुस्त करणाऱ्या सर्व्होच्या नियंत्रण-चक्राची आहे.

वेग सांभाळणारा स्पीड लूप आतला, जागा सांभाळणारा पोझिशन लूप बाहेरचा. आतला पुरेसा चपळ नसेल तर बाहेरचा त्याला झुलवतो. ढोबळ हिशोब असा : पोझिशन गेन जास्तीत जास्त २π × स्पीड गेन ÷ ४. तुमच्या २० हर्ट्झला तो ३१ च्या आसपास येतो, तुमचा आहे ६०. इंटिग्रल टाइमही याच हिशोबाने निदान ३२ मिलिसेकंद हवा. त्यात ४० किलोची इनर्शिया (वेग बदलायला होणारा विरोध) या लीडवर ०.०००१ किग्रॅ-मी² भरते, म्हणजे जवळपास अशा मोटरच्या रोटरइतकी. रिकाम्या ट्यूनिंगमध्ये ती धरलेलीच नाही, म्हणून प्रत्यक्षातला स्पीड लूप २० पेक्षाही मंद आहे.

आधी फिक्श्चर लावून इनर्शिया रेशो (वजनाची इनर्शिया रोटरच्या किती पट) पुन्हा काढा. मग पोझिशन गेन ३० वर आणा आणि वायलाही तोच द्या, नाहीतर गोलाई लंबगोल होईल. बहुतेक लाटा इथेच जातील.

जुना चपळपणा हवा असेल तर त्या घूं आवाजाची फ्रिक्वेन्सी ड्राइव्हच्या एफएफटीत (कंपनं फ्रिक्वेन्सीनुसार वेगळी दाखवणाऱ्या सोयीत) शोधून नॉच फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी गाळणारा) लावा. मग स्पीड गेन ४० पर्यंत गेला, की ६० चा पोझिशन गेनही चालेल. मात्र नॉचच्या आधी कपलिंगचे क्लॅम्प बोल्ट आणि स्क्रूच्या टोकाचा लॉकनट तपासा. तिथे ढिलेपणा असेल तर फ्रिक्वेन्सी सरकत राहते आणि नॉच जागेवर बसत नाही.