झेनचं घड्याळ ग्रबमध्ये आपण लिहावं, की त्याच्यावरच सोडावं?

क्युपोलावाला

मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे सर्व्हर मी बघतो. दोन मशीन, दोन्हीवर झेन (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारा हायपरवायझर), वर सात-आठ व्हीएम, म्हणजे तीच आभासी मशीन: ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर), पोस्टग्रेस डेटाबेस, भट्टीच्या हीटच्या (एकेका वितळवणीच्या) नोंदी, असलं सगळं. गेल्या सोमवारची सुट्टी गाठून दोन्हींच्या ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना झेनला उठवणारा प्रोग्राम) झेनच्या ओळीला 'क्लॉकसोर्स=टीएससी' जोडलं, म्हणजे टीएससी हेच घड्याळ वापर असं झेनला बजावलं, आणि रीबूट मारलं. आमच्याकडचे एक ज्येष्ठ भडकले. "झेन आपलं आपण निवडतं, तू कशाला नाक खुपसलंस?" मला ते पटलेलं नाही, म्हणून धागा काढतोय.

झेनवर सोडलं तर मशीनमधल्या घड्याळांपैकी ते एचपीईटी घेतं, तो नसला तर एसीपीआयचा टायमर, आणि तोही नसला तर जुनापुराणा पीआयटी. टीएससी आपणहून घेतच नाही. आता टीएससी प्रोसेसरच्या पोटात बसलेला, एका इन्स्ट्रक्शनमध्ये वाचून होतो. एचपीईटी बाहेर चिपसेटमध्ये, प्रत्येक वाचनाला तिथवर हेलपाटा. आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवासारखं आहे बघा. ९, १०, ११ नोव्हेंबरला सूर्य आपल्या जागी बरोबर येतो, पण महाद्वार रोडला कुणाचा मजला वाटेत आला की किरण गाभाऱ्यात पोचत नाहीत. एचपीईटीचंही दुखणं वाटेतच आहे.

प्रोसेसरच्या यादीत कॉन्स्टंट टीएससी (चाल बदलत नाही) आणि नॉनस्टॉप टीएससी (प्रोसेसर झोपला तरी थांबत नाही) असे दोन्ही फ्लॅग असतील, तर ते लिहायला भ्यायचं काय कारण? माझं मत साफ आहे: हार्डवेअर आपल्याला माहीत असतं, झेनला अंदाज बांधावा लागतो. आपण लिहावं.

रंकाळ्याकाठचा

भावा, किरणोत्सव झकास, पण अर्धीच गोष्ट सांगितलीस. टीएससी सांगितल्याशिवाय का घेत नाहीत, याचं कारण झेनच्या कागदपत्रांतच दिलंय. चालू मशीनमध्ये सीपीयू आत-बाहेर होणार नसतील तरच प्लॅटफॉर्म टायमर (झेनचं मुख्य घड्याळ) म्हणून टीएससी सुरक्षित. काही मशीनवर त्यासाठी 'मॅक्ससीपीयूज' (जास्तीत जास्त किती सीपीयू)सुद्धा लावावं लागतं. आणि एकाहून जास्त सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसवायच्या जागा) असतील तर 'टीएससी=स्टेबल:सॉकेट' हेही आपणच लिहायचं, म्हणजे दोन्ही सॉकेटची घड्याळं एका चालीत आहेत ही हमी आपण द्यायची. तुझ्या दोन्हींतलं एक मशीन दोन सॉकेटचं आहे ना? मग हमी कुणी दिली? बोर्डाचं मॅन्युअल उघडून बघितलंस का?

बूट होताना झेन एकदा तपासतं, कुठल्या दोन सीपीयूंत टीएससी मागेपुढे आहे का. फरक सापडला तर टीएससीवरचा भरवसा काढून घेतं. पण ती तपासणी बूटच्या वेळची. पुढचं तुझ्या जबाबदारीवर.

क्युपोलावाला

दोन सॉकेटचं आहे, खरं आहे. 'स्टेबल:सॉकेट' लिहिलेलं नाही. म्हणजे तिथं झेननं माझं ऐकलंच नसणार. रात्री 'एक्सएल डीमेसेज' (झेनचे स्वतःचे संदेश) बघतो.

मोजमाप

दादा, आधी एक सांगा. बदल कशासाठी केला? काय हळू चाललं होतं?

क्युपोलावाला

पोस्टग्रेसमध्ये 'एक्सप्लेन अॅनलाइझ' (क्वेरीत कुठं किती वेळ गेला ते दाखवणारी आज्ञा) लावलं की तीच क्वेरी दुप्पट वेळ घ्यायची. प्रत्येक ओळीला घड्याळ बघतं ना ते.

मोजमाप

मग तुम्ही चुकीच्या घड्याळाला हात घातला. इथं दोन वेगळी घड्याळं आहेत आणि निम्मं भांडण त्यांची सरमिसळ झाल्यामुळं होतं.

झेनच्या ओळीतलं 'क्लॉकसोर्स' म्हणजे हायपरवायझरचा प्लॅटफॉर्म टायमर. व्हीएम प्रत्येक वेळी त्याला विचारायला जात नाही. झेन दर सेकंदाला प्रत्येक सीपीयूचा टीएससी त्या टायमरशी ताडून बघतं, गुणक काढतं आणि व्हीएमला दिसेल अशा पानावर ठेवतं. व्हीएम स्वतः टीएससी वाचतं आणि त्या गुणकानं हिशेब करतं. म्हणजे एचपीईटी असतानाही तुमचं पोस्टग्रेस चिपसेटपर्यंत जात नव्हतंच.

मग हळू का? व्हीएमच्या आतला लिनक्सचा क्लॉकसोर्स 'झेन' असेल आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) जुना असेल, तर वेळ विचारायला दरवेळी खरा सिस्टिम कॉल होतो, म्हणजे प्रोग्रामला कर्नलमध्ये शिरावं लागतं. 'टीएससी' असला की तेच काम व्हीडीएसओमधून (कर्नलनं प्रत्येक प्रोग्रामला हाताशी दिलेला छोटा तुकडा), कर्नलमध्ये न शिरता. फरक तिथं पडतो. व्हीएमच्या आत 'करंट क्लॉकसोर्स' काय आहे ते बघा आणि पोस्टग्रेसबरोबर घड्याळ वाचायला किती वेळ लागतो ते मोजणारं 'पीजी टेस्ट टायमिंग' येतं, ते आधी आणि नंतर चालवा.

तुमच्या बदलाचा व्हीएमला फायदा अगदीच नाही असंही नाही. प्लॅटफॉर्म टायमर टीएससी असला की झेन ४.८ पासून 'हा टीएससी सगळ्या सीपीयूंवर स्थिर' असा बिट व्हीएमला दाखवू शकतं, आणि नवा कर्नल त्यावर विसंबून 'झेन' क्लॉकसोर्सही व्हीडीएसओमधून वाचतो. तुमचे व्हीएम तितके नवे आहेत का?

क्युपोलावाला

नाहीत. 😬 ईआरपीवाला विक्रेता कर्नलला हात लावू देत नाही.

बंधाऱ्यावरचा

झेन अजून कोण वापरतं लगा? केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरवायझर) लावा, गप झोपा.

रंकाळ्याकाठचा

केव्हीएमच्या होस्टवर (व्हीएम ज्यावर चालतात त्या मशीनवर) लिनक्सचा वॉचडॉग, म्हणजे घड्याळावरचा पहारेकरी, टीएससीला 'अनस्टेबल' ठरवून एचपीईटीवर उतरला, की तुझीही झोप उडते. मग तूच 'टीएससी=रिलायबल' लिहायला धावशील. तिथंही हाच वाद. चालू दे.

वजनकाटा

माझा अनुभव सांगतो, मी लिहिण्याच्या विरोधात आहे. गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्यात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर व्हीएममध्ये होतं, नेटपासून मुद्दाम तोडलेलं. होस्टवर कुणीतरी 'क्लॉकसोर्स=टीएससी' लिहून ठेवलेलं. काट्याच्या पावतीची वेळ आणि गेटपासची वेळ जुळेना. ड्रायव्हर म्हणायचे, "गाडी गेटात यायच्या आधीच वजन झालं व्हय?" गंमत म्हणजे घड्याळ दर आठवड्याला वेगळ्या चालीनं पळायचं.

कारण नंतर कळलं. टीएससी हाच प्लॅटफॉर्म टायमर असला की त्याची फ्रिक्वेन्सी बूटच्या वेळी एकदाच मोजली जाते. मोजताना थोडी चूक झाली की पुढचा रीबूट होईपर्यंत तीच चूक चालू. आमच्याकडं लाईट जाणार, यूपीएस मान टाकणार, की परत बूट आणि परत नवी चूक. १ पीपीएम (दहा लाखांत एक) म्हणजे दिवसाला ८६.४ मिलिसेकंद. ५० पीपीएम चुकलं तर दिवसाला चार सेकंदांच्या वर, आठवड्यात अर्धा मिनिट. एचपीईटीवर दर सेकंदाला ताडणी होत राहते. त्याचा क्रिस्टलही थोडा पळतो, पण प्रत्येक बूटला एकाच चालीनं पळतो, म्हणून हिशेबात धरता येतो.

क्युपोलावाला

आणि नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारं क्रोनी?

वजनकाटा

त्या व्हीएमला नव्हतं. नेट नाही म्हटल्यावर कुणी लावलं नाही.

क्युपोलावाला

मग दोष टीएससीच्या माथी कशाला? कारखान्याच्या आतच एक एनटीपी (वेळ पुरवणारा) सर्व्हर ठेवायचा, बाहेरच्या नेटची गरजच नाही. त्या व्हीएमचं घड्याळ एचपीईटीवरही सोडलं नसतं मी.

वजनकाटा

बरोबर आहे. पण ज्यानं ओळ लिहिली तो दोन वर्षांनी नोकरी सोडून पुण्याला गेला. ग्रबमधली ओळ तशीच राहिली. का लिहिली, ते कुणालाच माहीत नव्हतं. माझा राग त्यावर आहे.

रंकाळ्याकाठचा

हेच. शिवाय क्युपोलावाल्या, तुझी दोन मशीन एका फ्रिक्वेन्सीची नसतील आणि लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवणं) करत असशील, तर सांभाळून. टीएससी मोड (व्हीएमला टीएससी कसा द्यायचा ती सेटिंग) डीफॉल्ट असेल आणि प्रोसेसरला टीएससी स्केलिंग (व्हीएमला टीएससीची चाल बदलून देणं) येत नसेल, तर दुसऱ्या मशीनवर गेल्यावर झेन त्या व्हीएमला टीएससी एम्युलेट करून (सॉफ्टवेअरनं नक्कल करून) देतं. व्हीएममध्ये 'टीएससी' निवडून मिळवलेला वेग तिथंच जातो.

(विषयांतर: पीआयटी १.१९३, एसीपीआय ३.५७९५ आणि बहुतेक मशीनवर दिसणारा एचपीईटी १४.३१८ मेगाहर्ट्झ, ही तिन्ही एकाच घरातली भावंडं. मूळ अमेरिकन रंगीत टीव्हीच्या सिग्नलचं ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ. चौपट केलं की १४.३१८, मग त्याला बारानं भागलं की पीआयटी. आपल्या ईआरपीचं घड्याळ जुन्या टीव्हीच्या चालीवर चालतंय.)

क्युपोलावाला

रात्री बघितलं. दोन सॉकेटच्या मशीनवर झेन सरळ सांगतंय, प्लॅटफॉर्म टायमर १४.३१८ मेगाहर्ट्झ एचपीईटी. म्हणजे माझी ओळ तिथं शोभेपुरतीच होती. काढून टाकली. 'स्टेबल:सॉकेट' लिहायची हिंमत नाही झाली, मॅन्युअलमध्ये काहीच सापडलं नाही.

एका सॉकेटच्या मशीनवर टीएससी लागलाय. तिथं ओळ ठेवतोय, आणि ग्रबच्या फाइलीत वरतीच तारीख आणि कारण लिहिलंय. पोस्टग्रेसचा व्हीएम त्याच मशीनवर आहे. मोजमापताई, त्याच्या आतला क्लॉकसोर्स 'झेन'वरून 'टीएससी' केला. 'पीजी टेस्ट टायमिंग'मध्ये एका फेरीचा वेळ शेकड्यातून दोन आकडी नॅनोसेकंदांवर आला.

तरी माझं मत तेच. जिथं हमी देता येते तिथं लिहावं.

रंकाळ्याकाठचा

आणि फरक पडला तो व्हीएमच्या आतल्या बदलानं. झेनच्या ओळीनं नेमकं काय मिळालं, ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

मोजमाप

सोमवारी ती ओळ काढून एकदा रीबूट करा आणि तेच परत चालवा. आकडे इथंच टाका.

क्युपोलावाला

या सोमवारी नाही जमणार, भट्टीचं लायनिंग आहे. पुढच्या.