प्रश्न क्रमांक 14 चा निकाल

ए-304 : सचिवसाहेब, ‘स्वीडनच्या एरिक लेमिंगने ऑलिम्पिकमध्ये किती सुवर्णपदके जिंकली?’ या प्रश्नाला माझ्या मुलीने 4 लिहिले आणि तुमच्या परीक्षकांनी शून्य गुण दिले. भालाफेकीत अथेन्स 1906, लंडन 1908 मधील दोन आणि स्टॉकहोम 1912. बेरीज कुठे चुकली?

बी-101 (परीक्षक) : ताई, 1906 ची स्पर्धा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती अधिकृत मानत नाही, त्यामुळे उत्तर 3 हेच आहे.

ए-304 : म्हणजे तिथे गोळाफेक, पंचक्रीडा आणि रस्सीखेचीत मिळवलेली 3 कांस्यपदकेही गेली! एकाच स्पर्धेत चार प्रकारांत पदके मिळवणारा माणूस तुमच्या हिशेबात निव्वळ भालाफेकपटू उरतो.

सी-402 : रस्सीखेचीचा विषय निघालाच आहे, तर मागच्या वर्षी बी विंगने दोर आधी का सोडला, हेही एकदा कळावे. 😄

बी-101 : 1906 अधिकृत नाही.

डी-203 : ताईंचे म्हणणे रास्त आहे. 1899 मध्येच त्याने 49.32 मीटर भाला फेकला होता. पण पुढच्या वर्षी पॅरिसच्या कार्यक्रमात भालाफेकच नव्हती. तेव्हा हा पठ्ठ्या उंच, लांब, तिहेरी आणि बांबू उडी, शिवाय थाळी आणि हातोडा अशा सहा प्रकारांत उतरला, आणि रिकाम्या हाताने घरी गेला.

ए-202 : काका, नीरजने टोकियोत 87.58 मीटर फेकला. 49 मध्ये काय एवढे?

डी-203 : तेव्हाचा भाला आणि आताचा भाला एक नव्हे, हे तुम्हांला ठाऊक असावे. लंडनला तर दोन वेगळ्या स्पर्धा होत्या : एकीत भाला हवा तसा धरण्याची मुभा, दुसरीत मधोमधच पकडायचा. मुभा असताना 54.44 मीटर आणि मधोमध धरून 54.82, म्हणजे बंधनातच भाला लांब गेला. स्टॉकहोमला 60.64 करून तो थांबला नाही. त्याच सप्टेंबरात 62.32 मीटर फेकला, आणि आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स संघटनेने भालाफेकीचा पहिला विश्वविक्रम म्हणून तोच नोंदवला.

बी-101 : माहितीबद्दल आभार. तथापि 1906 अधिकृत नाही.

ए-304 : हे तिसऱ्यांदा वाचले.

सचिव : प्रश्नपत्रिका पुन्हा पाहिली. त्यात ‘अधिकृत’ हा शब्द छापलेला नाही. दोन्ही उत्तरांना गुण देऊन सुधारित निकाल संध्याकाळी फलकावर लावला जाईल.

बी-101 : समितीचा निर्णय मान्य आहे. 1906 मात्र अधिकृत नाही.