जुनी पिकअप घेताना तुम्ही काय पाहिलंत? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ जुन्नर तालुक्यात टोमॅटो आणि फ्लॉवर करतो. नारायणगावच्या मार्केटला माल न्यायला आजवर भाड्याची गाडी लावायचा. यंदा स्वतःची जुनी पिकअप घ्यायचं ठरवलंय, बजेट साडेचार लाखांपर्यंत. भेटेल तो एजंट 'सिंगल ओनर, एक रुपयाचं काम नाही' एवढंच सांगतो. ज्यांनी अशी गाडी घेतली, विकली, चालवली किंवा दुरुस्त केली, त्यांनी अनुभव लिहा. फसवणूक झाली असेल तर तीही लिहा, फक्त विकणाऱ्याचं नाव नको.

रत्नागिरीहून
2019 मध्ये सहा वर्षं जुनी गाडी घेतली. रंग चकाचक, सीटकव्हर नवं. आधी ती मासळी वाहायची हे मला तीन महिन्यांनी कळलं. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून ठिबकत राहतं आणि चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आतून खात जातं. पावसाळ्यात एका खड्ड्यात मागच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) हँगर चेसीपासून सुटला, भरल्या गाडीसकट. हौदा उतरवला तर पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जात होता. म्हणून दादा, टॉर्च आणि पेचकस घेऊन गाडीखाली आडवे व्हा. खाली ताजा काळा रंग मारलेला दिसला की तिथेच टोकून बघा. खणखणीत आवाज आला पाहिजे.

गॅरेजवाला, सातारा
बावीस वर्षं याच गाड्या खोलतोय. आधी विकणाऱ्याला फोन करून सांगा, 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका'. गेल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. गरम लागलं तर चहा न घेता परत या, कारण थंड इंजिन किती सेल्फला उठतं तेच तर बघायचंय. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण काढा. भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. झाकणाच्या आत दुधाळ थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय का, ते तपासा.

मग मागचे पाटे मोजा. कंपनीच्या पाट्यांवर जादा पाटा चढवला असेल तर त्या गाडीने आयुष्यभर ओव्हरलोड ओढलाय. क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळ्यांनी तो मार खाल्लेला असतो. मीटरवर विश्वास ठेवू नका, पेडलचं रबर आणि स्टिअरिंग किती गुळगुळीत झालंय ते पाहा. एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 (नव्या प्रदूषण मानकाची) गाडी असेल तर किल्ली फिरवल्यावर इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलाय.

सांगलीहून, विकणाऱ्याच्या बाजूने
माझी गाडी ओळखीतल्याला दिली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून त्याच्या हातात ठेवले. 'पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) झालं की नावावर करतो' म्हणाला. दीड वर्षाने अपघाताच्या दाव्याची नोटीस माझ्या दारात आली. आरटीओच्या नोंदीत नाव ज्याचं, कायद्याने मालक तोच. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते मी केलं नव्हतं. आईला ती नोटीस वाचून दाखवताना माझा आवाज फुटत नव्हता. घेणाऱ्यांनो, बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म 35 हातात येऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं आणि टॅक्सही आधी बघा. आठ वर्षांवरच्या गाडीला पासिंग दरवर्षी लागतं, तो खर्च किमतीत धरा.

पुण्याहून
आरसीवर एकूण वजन बघा. 3000 किलोच्या आत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही. छोटा हत्ती आणि काही पिकअप त्यात बसतात, मोठ्या हौद्याच्या बसत नाहीत.

ओझर, नाशिकहून
माझी रोपवाटिका आहे. आम्ही चार गाड्या पाहिल्या. पाचवीच्या वेळी मालकाशी बोलून झाल्यावर मी त्यांच्या ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, "ताई, तिसरा गिअर चढावर निसटतो, बाकी गाडी सोन्यासारखी आहे. मी स्वतः दर वेळी ऑइल बदललंय." मालकाने ते मान्य केलं, गिअरबॉक्सच्या कामाचे पैसे किमतीतून कमी केले. चार वर्षं झाली, रोपं घेऊन ती रोज निघते. तो ड्रायव्हर अजूनही फोन करून गाडीची चौकशी करतो.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. काल चाकणला एक पाहिली. पोचलो तेव्हा बोनेट गरम होतं. भावाने मालकाला सांगितलंय, उद्या सकाळी सातला येतो, तोवर किल्ली लावू नका. टॉर्च आणि पेचकस पिशवीत ठेवलाय. ही गाडी आधी काय वाहत होती, ते मालक अजून नीट सांगत नाहीयेत.