पृथ्वी एवढ्या वेगात फिरते तर आपल्याला कळत कसं नाही? मुलीला काय सांगू?

चिऊची_आई
लेक तिसरीत आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे वाचल्यापासून तिने एकच घोशा लावलाय, की फिरते तर मला कळत का नाही, आणि मी उडी मारली की जमीन खालून पुढे निघून जायला पाहिजे ना, मग मी परत तिथेच कशी पडते? गुरुत्वाकर्षणामुळे असं सांगितलं तर म्हणे ते खाली ओढतं, पुढे कुठे ओढतं? आता बोला! "मोठी झालीस की कळेल" म्हणून तिला गप्प बसवायचं नाहीये मला. आठ वर्षांच्या पोरीला पटेल आणि तरी चुकीचं नसेल असं कसं सांगायचं?

ग्रहगोल
ताई, गुरुत्वाकर्षण पुढे ओढत नाही हे तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आधी तिला तसं सांगा.

आपल्याला वेग जाणवतच नसतो, जाणवतो तो वेगातला बदल. ट्रेन एकसारखी धावत असेल आणि डोळे मिटले तर ती चालू आहे हे फक्त आवाजावरून आणि हादऱ्यांवरून कळतं, पण ब्रेक लागला की सगळे पुढे. पृथ्वीला ना रूळ, ना हादरे, ना ब्रेक. विषुववृत्तावर ताशी साधारण 1670 किमी वेग आहे, तिथून ध्रुवांकडे जाऊ तसा कमी होतो, पण एका जागी तो दिवसरात्र तेवढाच असतो.

उडीचं म्हणाल तर उडी मारायच्या आधीच ती जमिनीच्याच वेगाने पूर्वेकडे निघालेली असते, पाय उचलले म्हणून तो वेग कुठे जात नाही, त्यामुळे हवेत असतानाही ती जमिनीबरोबरच पुढे जाते. हवासुद्धा सोबतच फिरते, नाहीतर काय वादळ झालं असतं विचार करा. ट्रेन एका वेगात असताना तिला नाणं वर उडवून झेलू दे, हातातच येईल. मग गाडी स्पीड पकडत असताना उडवू दे, जरा मागे पडेल. दोन्ही करून बघितलं की फार समजवावं लागत नाही.

तासाला_दीड_मूठ
बरोबर आहे, पण चलाख मूल इथे अडवणार. वेग तेवढाच असला तरी गोल फिरतोय म्हटल्यावर दिशा बदलतेच की, म्हणजे बदल आहेच. मग तो का जाणवत नाही? कारण वळण फार म्हणजे फार संथ आहे. घड्याळाचा तासकाटा 12 तासांत एक फेरी मारतो, पृथ्वीला जवळपास 24 तास लागतात, म्हणजे ती तासकाट्याच्या निम्म्या गतीने वळते. 1670 हा आकडा ऐकून मुलं गरगर फिरण्याची कल्पना करतात, आणि मग "आपण बाहेर फेकले का जात नाही" हे येतंच.

तर विषुववृत्तावरसुद्धा हा फेकला जाण्याचा परिणाम गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 0.3 टक्के आहे. 30 किलोची मुलगी तिथे स्प्रिंगच्या काट्यावर, पृथ्वी फिरत नसती त्यापेक्षा 100 ग्रॅमच्या आसपास हलकी भरेल, बस. गुरुत्वाकर्षणाचं काम इथे आहे, उडीच्या प्रश्नात नाही. हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा, एकत्र केले की मोठ्यांचाही गोंधळ होतो.

चिऊची_आई
तासकाट्याचं लगेच पटलं तिला!! खूप आभार दोघांचे. पण आता म्हणते, फिरते हे तरी खरं कशावरून, कोणी बघितलंय?

तासाला_दीड_मूठ
मस्त! तिला आज रात्रीच दाखवा, काही विकत आणायला नको.

डोकं खांबाला टेकवायचं, एक डोळा मिटायचा आणि समोरच्या इमारतीच्या कडेला अगदी चिकटून दिसणारा तारा पकडायचा, कड ताऱ्याच्या पश्चिमेला हवी. अजिबात हलायचं नाही. एक-दोन मिनिटांत तारा गायब, आणि हळूहळू नाही, एकदम, कारण तो इतका लांब आहे की आपल्याला नुसता बिंदू दिसतो. आकाश तासाला 15 अंश सरकतं, आणि हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश, त्यावरून माझं इथलं नाव. मृगातले रांगेतले तीन तारे दिसत असतील तर तेच घ्या, ते भराभर सरकतात. ध्रुव घेऊ नका, तो जागचा जवळपास हलतच नाही.

आता खरी मजा. तारा कडेमागे गेला ती वेळ लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच खांबाला टेकून बघा, तो जवळजवळ 4 मिनिटं आधी जाईल. आठवड्यात अर्ध्या तासाचा फरक पडतो. पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी 23 तास 56 मिनिटांची आहे, पण तेवढ्यात ती सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा त्याच जागी यायला ती वरची 4 मिनिटं लागतात. दोन्ही गती एकाच भिंतीवरून दिसतात, मला हे अजूनही भारी वाटतं.

ग्रहगोल
यावर ती म्हणू शकते की मग आकाशच फिरत असेल. शंका रास्त आहे, नुसत्या ताऱ्यांवरून हे ठरत नाही. चालत्या नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमाराला लिहून ठेवलं होतं, पण जमिनीवरच्या प्रयोगातून ते उघड दिसलं 1851 मध्ये. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथिऑन या उंच घुमटाच्या इमारतीत 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा टांगून झोका दिला आणि झोक्याची दिशा तासातासाला वळत गेली. गोळ्याला कोणी वळवत नव्हतं, खालची जमीन वळत होती. याचे व्हिडिओ भरपूर आहेत, फास्ट केलेला दाखवा.

निळा_डोंगर
याच वयाचा मुलगा आहे, त्याचा प्रश्न जोडतो. अंतराळवीर तरंगतात म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण नाही, हे बरोबर का?

तासाला_दीड_मूठ
नाही, आहे की! अंतराळ स्थानक जमिनीपासून फक्त 400 किमीच्या आसपास वर आहे, तिथे गुरुत्वाकर्षण इथल्या जवळपास 90 टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात, पण आडवा वेग ताशी सुमारे 28,000 किमी आहे, त्यामुळे जेवढं खाली येतात तेवढी गोल पृथ्वीही खाली वाकलेली असते आणि जमीन गाठलीच जात नाही. आपल्याला वजन जाणवतं ते जमीन पायांना वर रेटते म्हणून, आणि तिथे स्थानकाची जमीनही सोबतच पडतेय. मुलाला सांगताना "गुरुत्वाकर्षण नाही" म्हणू नका, "पायाखाली टेकू नाही" म्हणा.