अनुभव धागा: एक फोटो, खाली चार ओळी

कॅमेरा हातात घेतल्यानं किंवा वहीत काही खरडल्यानं तुमच्यात, आजूबाजूला काही हललं का? फसलेले प्रयोगही लिहा. सुरुवात माझ्यापासून.

चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली तेव्हा मी आरशाकडे पाठ करून दात घासायचो. मग रोज एक सेल्फी आणि खाली तीन ओळी, असं ठरवलं. फोटोंत बरेच दिवस फरक दिसेना, ओळींत दिसला. पहिले वीस दिवस रोज 'तोंड वाकडं'. एकविसाव्या दिवशी लिहिलंय, 'कुत्र्यानं चप्पल पळवली.' तोंड तेव्हाही वाकडंच होतं, पाणी सांडतच होतं.

*

मी कचरा वेगळा करणाऱ्या बायकांबरोबर काम करते. आम्ही फोटोव्हॉइस करून पाहिलं. १९९०च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे देऊन ही पद्धत घडवली. फोटो काढून झाले की गटात बसून बोलायचं: यात काय दिसतं? खरं काय चाललंय? आपल्या जगण्याशी याचा काय संबंध? असं का? आपण काय करू शकतो?

मला वाटलं, कचऱ्याचे ढीग येतील. अकरा जणींपैकी सात जणींनी संडासाच्या दाराचा फोटो काढला. आतून कडी नव्हती. आम्ही दोन वर्षं त्याच आवारात हातमोज्यांवर भाषणं देत होतो! एकीला लिहिता येत नव्हतं. ती बोलली ते शेजारणीनं फोटोखाली उतरवलं, 'एक आत गेली की दुसरी दार धरून उभी.'

कडी बसली. मजुरी वाढलेली नाही, तेही सांगते.

*

यावरून लुईस हाइन आठवले. १९०८ पासून ते अमेरिकेतल्या बालमजुरीविरोधी समितीसाठी कारखान्यांतल्या मुलांचे फोटो काढत. मुलाची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून जोखायचे आणि वय, काम खिशातल्या खिशात टिपायचे. नुसता फोटो असता तर 'ही मुलं सहज आली होती' म्हणायला मालक मोकळे.

*

माझं फसलं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटं मनातला आघात लिहिला. लगेच त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मी दुसऱ्याच दिवशी वही मिटली, झोप उडाली होती. सहा महिन्यांनी मैत्रिणीशी बोलले. लिहिलं नाही ते नाहीच.

*

मी बातम्यांसाठी फोटो काढायचो. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये टिपलेली स्थलांतरित मजूर आई जगभर पोचली, पण लँग यांनी तिचं नावच विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं ते १९७८ मध्ये, आणि त्या फोटोबद्दल बाईंच्या मनात कडवटपणाच होता. हे वाचल्यावर ठरवलं, आधी नाव, मग बटण. कितीतरी फोटो हुकले. नाव विचारलं की माणूस सावरून बसतो, बातमीला हवा असतो तो चेहरा जातो. संपादक वैतागायचे.

घर पडलेल्या एका आजींनी नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "थांब रे, केस विंचरते." मग दोघं मिळून ढिगाऱ्यात फणी शोधत बसलो.