शब्दचर्चा : स्पॅनिश ‘पाखा’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न
जुन्या स्पॅनिश कापडांविषयीच्या एका मजकुराचं मराठी करते आहे. ‘बोर्दादो एन पाखा ई सेदा’ इथे घोडं अडलंय. बोर्दादो म्हणजे भरतकाम, सेदा म्हणजे रेशीम, इथवर ठीक. पाखा म्हणजे गवत की पेंढा? आधी मी ‘पेंढा आणि रेशीम भरलेलं कापड’ असं लिहिलं. घरी वाचून दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे गादी का?”

प्रतिसाद
सासूबाईंना +१. मराठीत पेंढा ‘भरला’ की गादी नाहीतर राजवाड्यातला वाघ. ‘गवत’ही नको, ते हिरवंगार असू शकतं. पाखा म्हणजे गहू, सातू, राय (गव्हासारखंच एक युरोपातलं धान्य) अशा धान्याची मळणी झाल्यावर उरलेलं वाळकं कांड.

प्रतिसाद
स्पॅनिश माणसाला एक शब्द पुरतो, आपल्याला नाही पुरत. भाताचा पेंढा, ज्वारीचा कडबा, बाजरीचं सरमाड, गव्हाचं काड किंवा गव्हांडा. आमच्या विदर्भात भाताची तणीस, आणि मळणीतून निघालेलं बारीक ते कुटार. गुरांपुढे काय टाकायचं हे ज्याला रोज ठरवावं लागतं, त्याचं एका शब्दात कसं भागणार?

शिवाय पाखा डोळ्यातही जातो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही बायबलमधली गोष्ट स्पॅनिशमध्ये ‘पाखा’ आणि ‘बीगा’ अशी आहे. बीगा म्हणजे तुळई. म्हणजे कुसळसुद्धा पाखाच. आणि शीतपेय प्यायची नळी ती ‘पाखीता’.

प्रतिसाद
शब्द ठरवण्याआधी काम कसं होतं ते बघा, म्हणजे निम्मा प्रश्न सुटेल. काड भिजवून मऊ करतात, उभं चिरतात आणि दाबून त्याची सपाट पट्टी करतात. ही पट्टी दोऱ्यासारखी कापडातून सारखी वरखाली ओवत बसलं तर मोडते. म्हणून ती कापडावर आडवी घालायची आणि वरून रेशमाच्या बारीक टाक्यांनी टाचायची. चमक काडाची, रंग रेशमाचा. काडाच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे उजेड पडला की ते सोन्यासारखं लखलखतं. घडी घालाल तिथे मात्र चिरतं.

हे वर्णन ओळखीचं वाटतं ना? आपल्या जरदोजीत, म्हणजे जरीच्या भरतकामात, कलाबतू (जरीचा धागा) अशीच वरून टाचतात. आणि सोन्या-चांदीची तार चेपून केलेली चपटी पट्टी म्हणजे बादला. माझ्या मते पाखा म्हणजे शेतात उगवलेला बादला!

स्पेनमध्ये खऱ्या सोन्याची रीतही हीच होती. तिकडे ‘ओरो तेंदिदो’ म्हणतात, म्हणजे आडवं अंथरलेलं सोनं. माद्रिदजवळचा एल एस्कोरियालचा मठ-राजवाडा १५६३ ते १५८४ या काळात बांधला गेला. तिथे स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या कार्यशाळेत चर्चची वस्त्रं भरली जात. सोन्याच्या तारा शेजारी शेजारी अंथरायच्या आणि वरून रंगीत रेशमाचे टाके घालायचे. सावली हवी तिथे दाट, उजेड हवा तिथे विरळ, म्हणजे खालचं सोनं दिसत राहतं. संत भरायचे तेसुद्धा असे, चेहऱ्यावरच्या छटांसकट. काडाचं भरतकाम मला या सोन्याचं गरीब भावंड वाटतं, आणि मला तेच जास्त आवडतं.

प्रतिसाद
गरीब भावंडावरून आठवलं. स्पॅनिश वसाहतीच्या काळात न्यू मेक्सिकोत (आज ते अमेरिकेतलं राज्य आहे) हेच काड लाकडावर गेलं. गडद रंगवलेल्या क्रूसांवर आणि पेट्यांवर काडाचे तुकडे चिकटवायचे. ‘गरिबाचं सोनं’ म्हणतात त्याला. ही कला जवळपास संपली होती. १९३०च्या दशकात सांता फेच्या एलिसेओ रोद्रीगेस यांनी ती पुन्हा उचलली. पुढे पत्नी पाऊला यांच्यासह त्यांना २००४ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. त्याला मी ‘काडाचं जडावकाम’ म्हणेन. पण ते लाकूड, तुमचं कापड.

प्रतिसाद
अवांतर, पण राहवत नाही. पाखा आला लॅटिन ‘पालेआ’वरून. संस्कृतातला ‘पलाव’, म्हणजे भूस, हा त्याचा नातलग मानतात. सेदाची गंमत वेगळीच. तिचं मूळ लॅटिन ‘साएता’, म्हणजे जनावराचा राठ केस. इतक्या मऊ धाग्याचं नाव डुकराच्या केसावरून! आपलं रेशीम फारसी ‘अब्रेशम’मधून आलं, तेवढं बरं.

आणि उठावाच्या भरतकामाला स्पॅनिशमध्ये ‘रेकामादो’ म्हणतात. हा शब्द इटालियनमार्फत अरबी ‘रकम’ धातूवरून आला. रकम म्हणजे खूण करणं, लिहिणं, कापडावर नक्षी काढणं. त्याच धातूतून खूण-आकडा, आणि त्या आकड्यातून आपली बँकेतली रक्कम. एक भावंड सुई घेऊन पश्चिमेला गेलं, दुसरं खतावणी घेऊन इकडे आलं.

प्रतिसाद
‘काडीकाम’ कसं वाटतं? सुटसुटीत आहे.

प्रतिसाद
सुटसुटीत आहे, पण कुणीतरी काड्या घालतंय असं वाटेल.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. ‘पेंढा’ खोडला, ‘गवती कशिदा’ही लिहून ठेवलं होतं, तेही खोडलं, गवती चहा आठवायला लागला. बादल्याची उपमा मजकुरात घेते आहे. ‘गव्हाच्या काडाचं’ लिहिणार होते, पण काड रायीचंही असू शकतं, आणि ‘रायीचं’ लिहिलं की आपल्याकडे फोडणीतली मोहरी. तेव्हा नुसतं ‘काड आणि रेशीम यांचं भरतकाम’.