अनुभव धागा: निवलेली पहिली प्रीती पुन्हा कशी पेटली?

सलाम सर्वांना.

गेली 19 वर्षं मी कोल्हापुरात मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, कामात आहे. आधी तरुण संघ, मग शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग) आणि आता कार्यकारिणीचं चिटणीसपद. मागच्या उपवासकाळात (ईस्टरच्या आधी) एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेतो तेव्हा, भाकरीचा तुकडा माझ्या हातात होता आणि डोक्यात चाललं होतं, मंडपवाल्याला ॲडव्हान्स किती द्यायचा. तुकडा खाल्ला, प्याला झाला, गीत संपलं. बाहेर येऊन चपला घालताना लक्षात आलं, आपण आत्ता प्रभूच्या मेजावर जाऊन आलो आणि आपल्याला त्यातलं काहीच आठवत नाही.

त्या दुपारी जेवण तसंच ठेवून बायबलमधल्या प्रकटीकरणाचा दुसरा अध्याय काढला. इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र. तिचे श्रम, तिचा धीर, खोट्या प्रेषितांना पारखून काढणं, येशूच्या नावासाठी सोसणं, प्रभू सगळ्याची दखल घेतो. वाचताना आपल्याच मंडळीचा वार्षिक अहवाल वाचतेय असं वाटलं. आणि लगेच पुढं, ‘तू आपली पहिली प्रीती सोडली.’ हरवली असं तिथं म्हटलेलं नाही, सोडली म्हटलंय. मी त्या एका शब्दावर बराच वेळ थांबले. वस्तू हरवली तर माणूस हळहळत बसतो. सोडली असेल तर कुठं सोडली ते आठवून माघारी जाता येतं. पुढच्या वचनात वाटही तीच सांगितली आहे: आठवण कर, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर.

माझी पहिली कृत्यं अगदी लहान होती. सोळाव्या वर्षी पन्हाळ्याच्या शिबिराहून आल्यावर मी पहाटे पाचला उठून जिन्याच्या पायरीवर बसायचे. लाइट नसायची, म्हणून कंदील. शाळेच्या उरलेल्या वहीत एक वचन उतरवायचं आणि त्याखाली देवाला जे मनात येईल ते लिहायचं, मैत्रिणीला चिठ्ठी लिहावी तसं. तेच पुन्हा सुरू केलं. तीन आठवडे काहीच वाटलं नाही. वही भरत होती, मन कोरडं. चौथ्या आठवड्यात एका सकाळी 103 वं स्तोत्र लिहीत होते, ‘त्याचे सर्व उपकार विसरू नको’ इथपर्यंत आले आणि पेन खाली ठेवावं लागलं. एकेक उपकार आठवत गेला. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले 1852 साली. आपल्यातल्या कितीतरी घरांत विश्वास पिढ्यांपिढ्या चालत आलाय, आजीच्या पाटल्या नातीकडं याव्यात तसा. वारशानं बाक मिळतो, गायनपुस्तक मिळतं, नाताळच्या करंज्यांची चवसुद्धा मिळते. प्रीती मात्र ज्याची त्यालाच करावी लागते. म्हणून हा धागा. नावं नकोत, उपदेश नको. तुमची कधी निवली आणि पुढं काय घडलं ते लिहा. अजून पेटली नसेल तर तेही लिहा, ते वाचायची मला जास्त गरज आहे.

---

शिरोली एमआयडीसी, फाउंड्री कामगार

मी फर्नेसवर हाय. लिवायची सवय न्हाई, समजून घ्या.

वडलांच्या घरावरनं थोरल्या भावाचं आणि माझं फाटलं. पंचांसमोर मी भावाच्या विरोधात खोटं बोललो. वाटणी माझ्या बाजूनं झाली. तवापासनं देवळात, म्हंजे चर्चला, जायला पाय उचलंना. बायको-पोरं जायची, मी डबल ड्युटी हाय म्हणून सांगायचो. चार वर्सं अशी गेली.

एका नाइटला चहाच्या सुट्टीत मोबाइलवर योहानाचं शुभवर्तमान ऐकत बसलो. ते बी पोरीनं डाउनलोड करून दिलतं म्हणून. येशूला धरून नेलंय, त्याचा शिष्य पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा हाय आणि तिथंच म्हणतोय, मी त्याला वळखत न्हाई. मी बी भट्टीपाशीच बसलतो. बंद करावं वाटलं, पर केलं न्हाई. शेवटच्या अध्यायात किनाऱ्यावर परत कोळशाचा विस्तव. ह्या खेपंला तो येशूनं स्वतः पेटवलेला. वर मासळी, भाकर. ज्या विस्तवाजवळ पेत्र नाकारून बसला तसलाच विस्तव मांडून प्रभू त्याला इचारतोय, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? एकदा न्हाई, तीनदा. जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा.

आमच्यात धातू वितळला की वर मळी येती. ती काढल्याबिगर ओतत न्हाईत. तशीच ओतली तर कास्टिंग बाहेरनं झ्याक दिसतं, पर मशिनिंगला गेलं की आत भोकं. मी चार वर्सं तसाच होतो.

ड्युटी सुटल्यावर घरी न जाता थेट भावाच्या दारात गेलो. वहिनी दार उघडून बघतच ऱ्हायली. मी म्हटलं, दादा, मी खोटं बोललो. त्यानं काय केलं म्हाईत हाय का? आत बघून म्हणाला, ह्याला भाकरी वाढा. बास. तिथंच रडलो. कागद आता बदलून घेतलाय. देवळात परत गेलो त्या रविवारी प्रभूवर प्रीती कर म्हणून कुणी सांगायची गरज पडली न्हाई.

---

निवृत्त परिचारिका

मी 34 वर्षं नर्स होतो. मिशनच्या दवाखान्यात ट्रेनिंग झालं, तिथं सकाळची ड्युटी वॉर्डातल्या प्रार्थनेनं सुरू व्हायची. मला वाटायचं देवावरची माझी प्रीती माझ्या हातांत आहे. पट्ट्या बदलल्या, बाळंतपणं केली, बेवारस म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या. निवृत्त झालो तसा देव लांब गेला. हात रिकामे, मन रिकामं. येशू घरी आला तरी कामातच गुंतून राहिलेल्या मार्थेची गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल भगिनी मंडळात, पण तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं तर तिचं काय होईल हा विचार कधी केला नव्हता.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाकता येईना. एक दिवस सून घमेल्यात कोमट पाणी घेऊन आली आणि समोर पाटावर बसली. माझ्या पायांची नखं वाढली होती. मी म्हटलं, नको गं, राहू दे, मी बघतो नंतर. तिनं ऐकलं नाही. पाय पाण्यात ठेवला, टाचेच्या भेगा वजरीनं घासल्या, एकेक बोट टॉवेलनं पुसलं, बोटांच्या मधलं सुद्धा. नखं कापली. मला लाज वाटत होती, अंग चोरत होतो. आणि मला पेत्र आठवला, येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हाचा. ‘माझे पाय आपल्याला कधीही धुवायचे नाहीत.’ प्रभू काय म्हणाला, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

आयुष्यभर मी दुसऱ्यांना धूत आलो. प्रभूकडून धुऊन घ्यायला मात्र बसलोच नव्हतो. योहान त्याच्या पत्रात लिहितो की पहिल्यानं त्यानं आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. त्यातलं ‘पहिल्यानं’ मला 66 व्या वर्षी कळलं. आता सकाळी गुडघे टेकता येत नाहीत. खुर्चीत बसतो, तळवे उघडे ठेवतो आणि काही मागत नाही.

---

मूळची कोल्हापूरची, सध्या पुण्यात शिकते

माझं थोडं वेगळं आहे. पुण्यात मी मोठ्या उपासनेला जायचे. बँड, अंधार, लाइट्स. दर रविवारी डोळ्यांतून पाणी. सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलेलं. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो ना की तुमचं चांगुलपण सकाळच्या ढगासारखं, लवकर उडून जाणाऱ्या दहिवरासारखं आहे, तसं. मग मी आणखी जोरदार गाणं शोधायचे.

वसतिगृहातल्या एका बिगरख्रिस्ती मैत्रिणीनं सहज विचारलं, तुमचा येशू माणूस म्हणून कसा होता? चिडायचा का? दमायचा का? मला दोन वाक्यांपलीकडे सांगता आलं नाही. ज्याच्यासाठी रडते तो कसा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री मार्कचं शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचलं. सोळा अध्याय, दोन तासांच्या आत होतात. होडीत उशीवर झोपलेला येशू. कुष्ठरोग्याला हात लावणारा. लोकांच्या कठीण मनांकडं रागानं बघणारा, आणि त्याच क्षणी खिन्न होणारा. मला तो आवडला. एवढंच म्हणता येईल. आधी त्याच्याबद्दलची गाणी आवडायची.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पण पुढं आपल्या साक्षीत त्यांनी सांगितलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो काही वर्षांनी सापडला. एवढ्या विदुषीला हे कबूल करता येतं, तर मलाही येईल. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात आज्ञा आहे मनानं, जिवानं, शक्तीनं प्रीती करण्याची. मार्कात येशू त्यात ‘पूर्ण बुद्धीने’ असंही म्हणतो. माझी बुद्धी इतकी वर्षं फक्त परीक्षेसाठी राखून ठेवली होती.

---

एक पाळक

वरच्या ताईंना: अश्रूंना कमी लेखू नका. शिमोन परुश्याच्या घरी एका पापी म्हटलेल्या स्त्रीनं प्रभूचे पाय आसवांनीच भिजवले होते, आणि प्रभू म्हणाला की हिनं फार प्रीती केली. बाकी तुमचं म्हणणं पटलं.

माझं थोडक्यात. 11 वर्षं मी पवित्र शास्त्र (बायबल) उघडायचो ते रविवारच्या उपदेशासाठी. कुठलंही वचन वाचलं की मनात तीन मुद्दे तयार. आता एक वेगळं शास्त्र ठेवलंय, त्यात पेन्सिल लावत नाही आणि त्यातलं व्यासपीठावर सांगत नाही. ते माझं आणि त्याचं.

---

जुना बुधवार पेठ

2019 चा ऑगस्ट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि पाणी 55 च्या वर गेलेलं. आम्ही रात्री निघालो ते कागदपत्रं आणि आईची औषधं घेऊन. आठवड्यानं परतलो तर भिंतीवर छातीपर्यंत चिखलाची रेघ. वडिलांचं पवित्र शास्त्र खालच्या कप्प्यात राहिलं होतं. फुगून विटेसारखं झालेलं, वास येत होता.

माझा देवावर राग होता. खरं सांगतो, ते मी टाकूनच देणार होतो. आई म्हणाली, तुझ्या बापाचं आहे, वाळव. म्हणून बसलो. दोन पानांच्या मधे जुना पेपर घालायचा, पंख्याखाली ठेवायचं, सुटली की पुढची दोन. घाई केली की पान फाटायचं. रोज संध्याकाळी सफाईहून आल्यावर तासभर. बारा-तेरा दिवस लागले. पानं सोडवताना नजर पडायचीच. वडिलांनी पेन्सिलीनं समासात तारखा घातल्या होत्या. 42 व्या स्तोत्रापाशी, ‘तुझ्या सर्व लाटा व तुझे कल्लोळ माझ्यावरून गेले आहेत’ याच्या बाजूला तारीख होती माझ्या धाकट्या बहिणीच्या मरणाची. त्या दिवसानंतरचे वडील मला आठवतात. ते रविवारी चर्चला गेले होते, मला बोटाला धरून. तेव्हा वाटलं होतं त्यांना काही वाटलंच नाही.

स्तोत्रकर्ता रडतो, देवाला ‘तू मला का विसरलास’ असं तोंडावर विचारतो, आणि तरी त्याच्याशीच बोलतो. मी त्या ओल्या पानापाशी बसून देवाला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण वर्षभरात मी त्याच्याशी बोललेलं तेच पहिलं खरं बोलणं होतं. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी वाढलं तेव्हा ते शास्त्र सगळ्यांत आधी पिशवीत गेलं. त्याला अजून पंचगंगेचा वास येतो.

---

नाव-पत्ता नको

तुम्ही पेटली नसेल तरी लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मिस्टर गेले. आम्ही दोघं गायकवर्गात होतो, ते पेटी वाजवायचे. आता मला गीत म्हणता येत नाही. तोंड उघडलं की आवाजच येत नाही. प्रार्थना सुचत नाही. सगळे म्हणतात प्रभूवर सोपव. काय सोपवू आणि कसं, कुणी सांगत नाही. तरी दर रविवारी येते, सर्वांत मागच्या बाकावर बसते आणि दुसऱ्यांचं गाणं ऐकते. आशीर्वाद झाला की कुणी बोलायच्या आत निघते. याला प्रीती म्हणायची की सवय, मला ठाऊक नाही.

---

धागाकर्ती

ताई, तुमचं तीनदा वाचलं. इफिसला लिहिलेलं पत्र माझ्यासारख्यांना आहे, तुम्हाला नाही. तुम्ही काही सोडलेलं नाही. ते गेल्यावरही तुम्ही दर रविवारी येऊन बसता, मला ती प्रीतीच वाटते.

---

निवृत्त परिचारिका

बाळ, डाव्या बाजूचा शेवटचा बाक का? मलाही गुडघ्यामुळं दाराजवळचाच बरा पडतो. येत्या रविवारी मी तिथंच येतो. मला पोचायला थोडा उशीर होईल, पिशवी ठेवून जागा धर. आशीर्वादानंतर लगेच निघायचं असेल तर आपण दोघी मिळून निघू, बोलायचं काही नाही.